उंची लपवण्याचा सराव

आमच्या घरात वस्तू हातातून हातात दिली जात नसे. साबण, कांदा, लिंबू, गुंडाळलेलं वर्तमानपत्र, सगळं छातीपासून दोन्ही हातांनी फेकलं जाई. घेणाऱ्याने आधी "दे" म्हणायचं, हा दादांचा नियम होता. "दे" म्हणून ज्याच्या हातून सुटलं त्याला अंगणाला फेऱ्या माराव्या लागत. दादा म्हणजे आमचे वडील. सैन्यात हवालदार असताना ते बास्केटबॉल शिकले. निवृत्तीनंतर नगरला एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहू लागले आणि संध्याकाळी सावेडीतल्या मुलींचा संघ घडवू लागले. यातलं त्यांचं खरं काम कोणतं, याबद्दल बँकेला शंका असावी. आम्हाला नव्हती.

घर सावेडीच्या टोकाला होतं. पुढे रिकामे प्लॉट, बाभळी आणि अर्ध्यावर बांधून थांबलेला एखादा बंगला. खोल्या दोन, अंगण मात्र दोन्ही खोल्यांहून मोठं, कारण प्लॉट घेताना दादांनी घराचा विचार शेवटी केला होता. अंगणात मुरूम टाकून, पाणी मारून, चोपून त्यांनी मैदान केलं. बोर्ड म्हणून बँकेने मोडीत काढलेल्या कपाटाचं दार खांबावर ठोकलं. दाराला किल्लीचं भोक तसंच होतं आणि नेम शिकवताना दादा "भोकाच्या वर वीतभर" असं सांगत. रिंग लोहाराकडून सळई वाकवून आणलेली, नियमापेक्षा हातभर खाली. चेंडू एकच, आणि तोही घासून गुळगुळीत झालेला. मुरुमावर त्याचा आवाज धप्प असा येई. संध्याकाळभर तो धप्प धप्प चाले आणि आत आईच्या कुकरची शिट्टी. शिट्टी वाजली की आहे तिथे थांबायचं अशी सवय दादांनी मुलींना लावली होती, त्यामुळे डाळ शिजली की खेळ थांबे. डाळ सरावानंतर लावावी, असं दादांनी सुचवून पाहिलं. आईने कुकर बंद केला नाही. दादांनी शिट्टी बंद केली आणि टाळी सुरू केली.

डावपेच जेवताना शिकवले जात. आठवड्यातून एकदा तरी हुलग्याची शेंगोळी असत. झणझणीत रश्श्यात शिजलेली, बोटभर वळलेली ती कडी दादा ताटात मांडत. ही पाच आपली, ही पाच त्यांची, लिंबाची फोड म्हणजे चेंडू. एकीने समोरच्या खेळाडूला आडवं उभं राहायचं, दुसरीने तिच्या पाठीमागून निसटायचं. याला ते आडोसा म्हणत. समोरच्या संघातला जो चुकीच्या जागी सापडे त्याला ते खाऊन टाकत. ताटातली त्यांची बाजू संपे तेव्हा आम्ही सामना जिंकलेलो असू. आई म्हणे, "खायचं असलं तर खा, नाहीतर मैदानात जा." पुढे मी वर्तमानपत्रात क्रीडा पानावर काम केलं, अनेक मोठ्या प्रशिक्षकांच्या पत्रकार परिषदा ऐकल्या. त्यांच्या फळ्यावरच्या बाणांपेक्षा मला दादांची शेंगोळी लवकर कळली होती, एवढं नोंदवते.

या संघाचा कणा म्हणजे माझी थोरली बहीण संध्या. मी तिला ताई म्हणते. ताई पाच फूट नऊ इंच होती. रिंगखाली तिचा हात वर गेला की समोरच्या मुली चेंडूऐवजी तिच्याकडेच बघत राहत. मी तिच्या खांद्याखाली संपायचे. मैदानावर जे कौतुकाचं होतं तेच घरात अडचणीचं होतं. ताईला बघायला आलेली माणसं पोहे खाऊन, चहा पिऊन, मुलगी चांगली आहे असं म्हणून जात आणि मग निरोप येई, "जोडा शोभून दिसत नाही." असे निरोप येत गेले तसतसं आईचं एकच वाक्य पक्कं होत गेलं.

"तुम्हीच लटकवलंत तिला त्या रिंगला. ओढून ओढून वाढवली पोर."

"खेळल्यानं उंची वाढत नाही," दादा म्हणत.

"मग आम्हाला काय सांगत होता, खेळा, उंच व्हाल म्हणून?"

नव्या मुलींच्या पालकांना दादा खरोखरच तसं सांगत.

अशात सोनवणे काका स्थळ घेऊन आले. काका लग्नं जुळवत आणि उत्साहात माहिती देत. मुलगा मिलिंद, गाव खर्ड्याच्या अलीकडचं, नोकरी सुप्याला कारखान्यात. उंची पाच-अकरा. मुलाला बी.ए. झालेली मुलगी चालेल, पुढे शिकली तरी चालेल. ताईला शारीरिक शिक्षणाची पदवी करायची होती, म्हणून हे शेवटचं वाक्य तिने काकांकडून दोनदा वदवून घेतलं. दुसरं स्थळ आमच्या मामाने आणलं होतं. तो माणूस उंच होता, पण वयाने ताईहून बराच मोठा, आणि आपल्याला घर सांभाळायला कोणीतरी हवं आहे असं स्वतःच सांगणारा. हे सुप्याचं जमलं नाही तर मामाचं पक्कं करायचं, असं आईने जाहीर केलं. ताईने त्या दिवशी अंगणात एकटीने इतका वेळ नेम मारला की शेजारच्यांनी विचारलं, आज काही आहे का.

दादांनी दुसऱ्या दिवशी बँकेतून आल्यावर बूटही न काढता सांगितलं, "आपण आजवर तयारीशिवाय उतरलो. म्हणून हरलो."

त्यांची मांडणी अशी. समोरचा आपली उंची बघायला येतो. तर त्याला ती दिसू द्यायची नाही. बचाव करताना खेळाडू गुडघ्यात वाकतो, पाठ ताठ ठेवतो आणि पाय न उचलता सरकतो. त्याला ते पवित्रा म्हणत. हाच पवित्रा साडीच्या आत घेतला तर कोणाला कळणार? उंची सहज चार बोटं उतरते. ताईच्या मांड्यांत ते पेलण्याची ताकद संघात सर्वांत जास्त होती. ताई हसली. दादा हसत नाहीत हे पाहिल्यावर तिने हसणं थांबवलं.

मग सराव सुरू झाला. संध्याकाळी मुली गेल्या की ताई आईची काठापदराची साडी नेसून, हातात पाण्याचे पेले ठेवलेला ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत सरके. दादा भिंतीला टेकून बघत. "वर-खाली होऊ नको. पाणी हललं. पुन्हा." "तोंडावर ताण दिसतोय. पोहे देताना कोणी दात आवळतं का?" मला आडोशाचं काम होतं. ताई उभी असेल तिथे तिच्या पायांपुढे मी बसायचं, म्हणजे गुडघ्यांचा फुगवटा दिसणार नाही. आईचं काम पोह्यांचं. कोणी मुलीला जवळ उभं करा म्हणालं की लगेच दुसरी बशी पुढे करायची. खाणाऱ्याचं लक्ष बशीत जातं, हे दादांचं निरीक्षण होतं. खुणा खोकण्याच्या ठरल्या. एकदा खोकलं की खाली, दोनदा खोकलं की वर. पाहुण्यांसाठीच्या लोखंडी पलंगाखाली दादांनी विटा लावल्या, कारण उंचावर बसलेल्या माणसाला समोरचा माणूस ठेंगणा दिसतो. आईने फक्त एक भर घातली. बास्केटबॉलचं नावही निघता कामा नये. रिंग काढा, ती म्हणाली. दादांना ते होईना. शेवटी रिंगवर गोधडी टाकली.

रविवारी सकाळी जीप आली. चौघं उतरले. सोनवणे काका, मिलिंदची आई, त्याची आत्या आणि मिलिंद. जयभीम झाले. दादांनी मिलिंदला दारात एकदा पाहिलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पाच-आठ. काका खोटं बोलले." त्यांच्या आवाजात बापाचा राग नव्हता. गावातल्या मुलांचा एक संघ ते जमवत होते आणि त्याला उंच खेळाडू नव्हता. पाच-अकरा ऐकल्यापासून त्यांनी मनात काही जुळवलं असावं.

पाहुणे पलंगावर चढले. चढले हाच शब्द बरोबर आहे, कारण आत्याबाईंना काकांनी हात दिला. चौघांचे पाय जमिनीपासून सुटून लोंबत होते आणि मिलिंदची आई अधूनमधून खाली बघत होती. ताई ट्रे घेऊन सरकत आली. पाणी हललं नाही. मी तिच्या पायांपुढे बसले. आत्याबाईंनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भाकरी थापता येते का विचारलं. ताईने सगळ्याची उत्तरं दिली, तोंड मोकळं ठेवून. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मग आत्याबाई काकांकडे वळल्या. त्यांना आपण हळू बोलतो असं वाटत असावं.

"पोरगी गुनाची हाय. पन फोटूत उंच दिसत हुती. हिथं लईच बसकी वाटती."

आम्ही या शक्यतेची तयारी केलेली नव्हती. दादा दोनदा खोकले. ताई बोटभर वर आली.

"आमच्यात कुनी बसकं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "पुढं पोरं बी तशीच निपजायची."

दादा पुन्हा दोनदा खोकले. ताई आणखी वर आली. घड्याळाच्या काट्यासारखी, हलताना दिसत नव्हती, पण मी बसल्या जागेवरून पाहत होते की तिच्या साडीच्या निऱ्या जमिनीवरून उचलल्या जात आहेत. आई घाईने पोह्यांची दुसरी बशी घेऊन आली. तिच्या मते उंचीचा विषय निघाला होता.

"पाव्हण्यांना खोकला झालाय व्हय?" मिलिंदची आई पहिल्यांदाच बोलली. "आल्याचा तुकडा धरा तोंडात."

दादा म्हणाले, धरतो. त्यानंतर त्यांना खोकता येईना आणि ताई मधल्याच उंचीवर अडकली.

त्या सुमारास मुला-मुलीला जरा वेगळं बोलू द्यायची पद्धत आमच्याकडे नुकती सुरू झाली होती. काकांनी ती सुचवली. दोघं अंगणात गेली आणि रिवाजाप्रमाणे सोबतीला मी. ताई सरकत सरकतच उंबरा ओलांडून गेली. बाहेर ऊन होतं. ती खांबाजवळ उभी राहिली. मिलिंद आधी तिच्याकडे, मग वर बघत होता.

"तुम्हाला बरं नाही का?" त्याने विचारलं. "पाय थरथरतायत तुमचे."

"नाही. बरी आहे."

"ही गोधडी एवढ्या वर वाळत घालता?"

"तिथं ऊन लागतं."

"काढता कशी?"

"शिडीनं," मी म्हणाले.

त्याने अंगणभर नजर फिरवली. शिडी नव्हती. लपवायला जागाही नव्हती.

ताईने माझ्याकडे पाहिलं. काय करायचं हे ती विचारत नव्हती. ती एवढंच बघत होती की मी आता मध्ये पडणार नाही ना. मग ती सरळ झाली. तिचे गुडघे कडकन वाजले. पदर खोचून तिने हात वर केला, गोधडीचा काठ धरला आणि ओढला. गोधडी तिच्या हातात आली. वर सळईची रिंग आणि कपाटाचं दार.

"खेळता तुम्ही," मिलिंद म्हणाला.

"रिंगखाली उभी राहते. उंच असतो त्यानं राहायचं."

"पाच-साडेनऊ?"

"पाच-नऊ."

"मग अर्धा इंच केसांचा धरला मी." तो म्हणाला, "फोटोत बाजूला सायकल होती. कारखान्यात माझं काम तेच, मापून पास करायचं. सायकलच्या सीटवरून हिशेब केला. सोनवणे काका म्हणाले, मुलगी पाच-पाच आहे. म्हटलं सायकल खोटं बोलती का काका, ते बघून यावं."

"आम्हाला तुम्ही पाच-अकरा असं सांगितलं."

"पाच-आठ. बुटासकट."

ताई हसली. ती किती दिवसांनी हसली याचा मी हिशेब ठेवलेला नाही. मग दोघंही घराच्या दाराकडे बघू लागली, कारण आत जायचं होतं. तिला हे स्थळ हवं होतं. हे मला तिच्या गोधडीची घडी घालण्याच्या पद्धतीवरून कळत होतं. एकच गोधडी ती तीनदा घडी घालून पुन्हा उलगडत होती. सरळ आत गेली तर आत्याबाई नाही म्हणणार आणि मामाचा माणूस घरात येणार. वाकून गेली तर जमेलही.

"आत गेल्यावर परत वाकू का?" तिने विचारलं.

"मला का विचारता? पाय तुमचे दुखतायत."

ती सरळ आत गेली. दारात नेहमीप्रमाणे मान किंचित कलती करून. दादा आल्याचा तुकडा तोंडात धरून उभे होते. त्यांनी तिला पाहिलं आणि तुकडा गिळला. आई हातात बशी घेऊन थांबली. आत्याबाईंनी ताईला पायांपासून वर वर बघत नेलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"ही न्हाई," त्या म्हणाल्या. "मघाची येगळी हुती."

"अहो बाई, तीच आहे," सोनवणे काका म्हणाले.

"मला शिकवता व्हय? मघाची माझ्यायेवढी हुती. धाकटी दाखवून थोरली गळ्यात बांधायला निघाल्यात. असं आमच्या भावकीत एकदा झालंय. मिलिंदा, ऊठ."

मुलगी बदलणं हा आमच्या भागात विनोदाचा विषय नाही. त्यावरून मांडवातून वऱ्हाडं परत गेलेली आहेत. आईचा चेहरा उतरला. काका शपथ घेऊ लागले, पण पाच-अकरा आणि पाच-पाच सांगून झाल्यावर त्यांच्या शपथेला उठाव येईना. मिलिंद म्हणाला, "आत्या, तीच आहे, मी बाहेर बघितलं." आत्याबाई म्हणाल्या, तू गप, बाहेर बदलली असंल. आमच्या घरात दुसरी मोठी मुलगी नव्हती, फक्त मी. मला उभं करून दाखवण्यात आलं. त्याने कोणाचंच समाधान झालं नाही.

तेव्हा ताई खोलीच्या मधोमध गेली, निऱ्या दोन्ही हातांनी घोट्यांवर उचलल्या आणि पवित्र्यात बसली. गुडघे वाकलेले, पाठ ताठ. ती आत्याबाईंएवढी झाली. मग उठली. मग पुन्हा बसली, आणि तशीच भिंतीपर्यंत सरकत गेली आणि परत आली. दादांना राहवलं नाही.

"नजर वर," ते म्हणाले. "पाय एकमेकांना चिकटतायत."

आईने डोळे मिटून घेतले.

आत्याबाईंची खात्री पटली होती, पण माघार घ्यायची तर दुसरी हरकत हवी होती. "म्हंजे खोटं तर हायच," त्या म्हणाल्या. "आन् जोडा दिसत न्हाई."

मिलिंदच्या आईने एवढा वेळ पोह्यांना हात लावला नव्हता. तिने ताईला विचारलं, "आमी आल्यापास्नं अशी वाकून हुभी हुतीस?"

"हो."

"आन् आमी बसून खातूय." तिने पलंगावरची आपली बाजू थापटली. "बस बाई आदी. हिकडं ये, बस."

ताई तिच्या शेजारी बसली. पाच जणांच्या रांगेत फक्त तिचे पाय जमिनीला टेकले.

"वन्सं," मिलिंदची आई पलीकडे वाकून म्हणाली, "जोडा काय रोज फोटू काढायला हुभा ऱ्हानार हाय का? मी तुमच्या भावापरीस ठेंगणी. माळ्यावरचं एक डबडं काढायचं तर सारा जन्म ह्याला हाक मार, त्याला हाक मार. मला ही पसंत हाय. मिलिंदाचं काय ते तो सांगंल."

मिलिंद म्हणाला, "माझं फोटोतच ठरलं होतं."

यानंतर आत्याबाईंनी आणखी पोहे मागितले, हा तडजोडीचा जाहीरनामा होता. बोलणी दुपारपर्यंत चालली. ताईच्या पुढच्या शिक्षणाचा विषय मिलिंदनेच काढला. त्याच्या आईने विचारलं, शिकून काय व्हनार? ताई म्हणाली, शाळेत खेळ शिकवणार. "पोरींना बी?" "पोरींनाच." "बरं," त्या म्हणाल्या. आमच्या घरात या प्रसंगाच्या दोन-तीन आवृत्त्या आहेत. आईच्या आवृत्तीत दादा "नजर वर" म्हणालेच नाहीत. ताईच्या आवृत्तीत तिचे गुडघे वाजले नाहीत. मी जे पाहिलं आणि ऐकलं ते लिहिलं आहे.

पाहुण्यांना पोचवायला दादा जीपपर्यंत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा आई दारातच वाट बघत होती.

"काय वाटतो मुलगा?" तिने विचारलं.

दादांनी विचार केला. माणसांबद्दल चांगलं बोलण्याची त्यांना फारशी सवय नव्हती. "उंची नाही," ते म्हणाले. "पण त्याला मैदान दिसतं. येत्या रविवारपासून खेळायला येतो म्हणालाय."

"आणि साखरपुड्याचा दिवस? तो कोणता ठरवलात?"

दादा जीप गेली त्या रस्त्याकडे बघत राहिले.

"ते विचारायचं राहिलं," ते म्हणाले.